त्या नावाची बाई एकच

या मजकुरात कुणाचंही नाव येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझंसुद्धा नाही. आमच्या भागात एक नाव लिहिलं की दहा-बारा जण "माझ्याबद्दल लिहिलंत का हो?" म्हणून विचारायला येतात, आणि त्यांतले निम्मे भांडायच्या तयारीने येतात. शिवाय नावांच्या बाबतीत मी एकदा असा तोंडघशी पडलोय की आता रजिस्टरबाहेर कुणाचं नाव लिहायला हात धजत नाही.

माझं स्वतःचं नाव मात्र जगात एकमेव आहे, अशी माझी पन्नाशी उलटेपर्यंत पक्की समजूत होती. आडनाव अख्ख्या जव्हारात आमच्या एका घराचं. वडिलांचं कापडाचं दुकान, त्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक. नाव आजोबांनी कुठल्याशा पोथीतून हुडकून काढलेलं. पाकिटावर नुसतं माझं नाव आणि खाली 'जव्हार' एवढं लिहिलं तरी पत्र घरी यायचं, आणि ही गोष्ट मी आल्यागेल्याला ऐकवायचो. मग गावात सायबर कॅफे निघाला. मुलगी सुट्टीवर आली होती, ती मला हौसेने तिथे घेऊन गेली आणि तिने माझं नाव-आडनाव टाइप केलं. अहो, यादीच आली! एक दातांचा डॉक्टर, एक कबड्डीचा पंच, एकाने कुठल्याशा संमेलनात आभार मानलेले. मी खुर्चीत जरा मागे सरकून बसलो.

"बाबा, असे किती असतील हो तुमच्या नावाचे? करा ना अंदाज," मुलगी म्हणाली.

"नावांचा अंदाज मी करत नाही," मी म्हणालो.

तिला नवल वाटलं. कारण एरवी मी कशाचाही अंदाज करतो. एसटीत किती माणसं आहेत, फणसात किती गरे निघतील, भाषण किती वेळ चालेल. बी.कॉम.ला संख्याशास्त्र घेतलं होतं आणि त्यात चांगले मार्क पडले होते, त्याची खुमखुमी. पण नावांचं नाव काढलं की मी अजून विषय बदलतो. का, ते तिला तिथे सांगितलं नाही. इथे सांगतो.

तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा व्हायला पुष्कळ अवकाश होता. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांपैकी एका ठिकाणच्या कचेरीत मी कारकून होतो, निवडणुकीच्या टेबलावर. कुठल्या कचेरीत ते विचारू नका. मतदार याद्या म्हणजे माझं राज्य. टेबलावर याद्यांचे गठ्ठे, खुर्चीमागे याद्यांची कपाटं, आणि दाराशी स्टुलावर शिपाई. शिपाई डोंगरातल्या पाड्यावरचा, माझ्याहून वयाने मोठा, हसरा. साहेब कुणीही येवो, तो सगळ्यांना 'तू'च म्हणायचा. त्या लोकांच्या बोलीत 'तुम्ही' हा प्रकार फारसा नाहीच. मला सुरुवातीला राग यायचा, नंतर सवय झाली.

एके दिवशी वरून परिपत्रक आलं. याद्यांमध्ये दुबार नावं फार झाली आहेत, एकाच माणसाचं नाव दोन-दोनदा लागलेलं आहे, तरी खात्री करून ती कमी करावीत. आमचे तहसीलदार, त्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो, त्यांनी मला बोलावलं.

"खात्री करून, असं लिहिलंय," ते म्हणाले. "म्हणजे पाड्या-पाड्यावर माणूस पाठवायला हवा. कुठून आणू माणूस?"

"माणूस कशाला हवाय, रावसाहेब?" मी म्हणालो. "गणित आहे की."

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी कोरा कागद घेतला आणि रावसाहेबांसमोर मांडणी केली. समजा, पन्नास बायकांत एकीचं नाव अमुक. समजा, पन्नास पुरुषांत एकाचं नाव तमुक, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. आणि आडनाव समजा दहा घरांत एकाचं. आता तिन्ही एकदम जुळायची तर पन्नास गुणिले पन्नास गुणिले दहा, म्हणजे पंचवीस हजार बायकांत एक. गावात बायका किती? काही शे. तेव्हा एकाच गावात नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखं असलेल्या दोन नोंदी दिसल्या, तर त्या दोन बायका असणं जवळजवळ अशक्य. ती एकच बाई, दोनदा लिहिलेली. रावसाहेबांनी कागद हातात धरून दोनदा वाचला आणि म्हणाले, "हुशार आहात." मी आठवडाभर त्या दोन शब्दांवर जगलो.

शिपाई चहाचे ग्लास उचलत होता. तो म्हणाला, "सायेब, माझ्या पाड्यात माझ्या नावाचे मना धरून चार हायेत. चौघांचा बाप बी एकाच नावाचा."

"अरे, ते अपवाद."

"तू पाड्यावर जा आन् इचार ना. एक रोज तं लागंल."

"तुला गणित कळतं का?" मी विचारलं. तो हसला आणि ग्लास विसळायला निघून गेला. म्हणजे जो पुरावा समोर दोन पायांवर उभा राहून बोलत होता, त्यालाच मी अपवाद म्हणून हाकलला, आणि कागदावरच्या 'समजा'ला खरं धरलं. सुशिक्षित माणसाशिवाय हे जमत नाही.

मग मी लाल पेन घेतलं. यादीत अशी जोडी दिसली आणि वयही सारखं असलं, की दुसऱ्या नोंदीवर रेघ. नियमाप्रमाणे कमी केलेल्या नावांची नोटीस गावोगावी फळ्यावर लावली. हरकत कुणाची आली नाही. येणार कशी? फळा गावठाणात, माणसं पाड्यावर, आणि तिथल्या बायकांपैकी वाचता येणारी शोधावी लागेल. हरकत नाही म्हणजे गणित बरोबर, असा मी अर्थ काढला आणि गठ्ठा बांधून टाकला.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. आमच्याच यादीतून प्रभागाची यादी निघते, आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याला उभं राहता येत नाही. अर्ज भरायला दोन दिवस उरले असताना दोन बायका कचेरीत आल्या. दोघी पस्तिशीच्या, दोघींच्या डोक्यावर पदर, दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. त्यांतली एक काळीसावळी, उंच, ती सरळ माझ्या टेबलाशी आली. दुसरी बुटकी, ती दाराशी शिपायाच्या स्टुलाजवळ थांबली.

"मना उभा ऱ्हायचा हाये," उंच बाई म्हणाली. "मास्तर बोलला, यादीत माझा नाव नाय. बघ जरा."

"नाव सांग."

तिने नाव सांगितलं. एका वाराचं नाव. आमच्याकडे डोंगरात पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला चिकटतं, हे मी लहानपणापासून ऐकून होतो. ऐकून होतो, आणि गणित करताना ते डोक्यात आलं नाही.

"नवऱ्याचं नाव?"

ती गप्प. बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, ते बरोबरच्या बाईने सांगायचं, ही रीत मला माहीत होती. म्हणून मी दाराशी उभ्या असलेल्या बाईला म्हणालो, "अगं, तू सांग हिच्या नवऱ्याचं नाव."

ती पदर तोंडाला लावून हसली आणि जमिनीकडे बघायला लागली. तीही सांगेना.

"काय चाललंय? वेळ नाहीये मला!" मी ओरडलो.

बाया शिपायाच्या शेजारच्या पाड्यावरच्या, त्याला हसू आवरेना. "सायेब, ती कशी बोलंल? तिचा घरवाला बी त्याच नावाचा. तिना हिच्या घरवाल्याचा नाव घेतला तं आपल्याच घरवाल्याचा घेतल्यासारका होतो."

"आणि हिचं नाव काय?" मी दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे बोट दाखवलं.

"तोच," शिपाई म्हणाला. "त्याच वाराचा. आडनाव तं पाड्यात एकच हाये."

मी यादी काढली. पान उघडलं. एकाखाली एक दोन नोंदी. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच. घर क्रमांकाच्या रकान्यात काहीच नाही, कारण पाड्यावरच्या झोपड्यांना कुणी क्रमांक दिलेच नव्हते. वय दोघींचं पस्तीस, अंदाजे. आणि दुसऱ्या नोंदीवर माझी लाल रेघ, पट्टीने ओढलेली, अगदी सरळ.

उंच बाईला वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसत होती. तिने विचारलं, "सायेब, तू मना कापली का तिला कापली?"

मी दोन्ही नोंदी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. कारण मलाच ठाऊक नव्हतं. दोन्ही नोंदी सारख्या. एक बाई मी जिवंत ठेवली होती आणि एक पुसली होती, पण कुठली, हे ब्रह्मदेवाला विचारलं तरी सांगता आलं नसतं.

त्या दिवशी मला शिपायाने, हातावर तंबाखू मळता मळता, खरं गणित शिकवलं. वार सात, म्हणून बायकांची नावं इकडची तिकडची धरून सात-आठ. पुरुषांचंही तेच, शिवाय थोरल्या नातवाला आज्याचं नाव, म्हणजे जुनीच नावं घरात फिरत राहतात. पाड्याला आडनाव एक, ते मोजायचंच नाही. साताला साताने गुणा, एकोणपन्नास. पाड्यात घरं सत्तरच्या वर. एकोणपन्नास पाटांवर सत्तर बायका जेवायला बसवल्या तर काही पाटांवर दोघी बसणारच. शक्यता कसली डोंबलाची, ते झालंच पाहिजे होतं! मी पंचवीस हजारांत एक म्हणालो होतो.

"पण मग तुम्ही एकमेकींना ओळखता कसं? हाक कशी मारता?" मी त्या बायांना विचारलं.

"ती उंबराजवळची, मी मोहाखालची," उंच बाई म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की एवढंही या माणसाला कळू नये. मोहाखालचीचं माहेर साखरशेत, उंबराजवळचीचं जामसर. दोघी एकाच वर्षी त्या पाड्यावर लग्न होऊन आलेल्या. पाड्यावर कधीच घोटाळा झाला नव्हता. घोटाळा माझ्या टेबलावर होता.

मी यादी घेऊन रावसाहेबांकडे धावलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "यादी अंतिम झाली. आता शाईचा ठिपकासुद्धा बदलता येणार नाही." आणि वरून, "तुमचंच गणित ना ते?" हुशार आहात हे शब्द त्यांनी परत घेतले नाहीत, पण मला ते घेतल्यासारखेच वाटले.

मोहाखालचीला उभं राहायचं होतं ते विहिरीसाठी. पाड्याला विहीर मंजूर व्हायची आणि खणली जायची गावठाणात, असं दोनदा झालं होतं. पाड्यावरच्या बायका उतारावरून ओहोळापर्यंत जायच्या आणि दोन हंडे घेऊन तो उतार चढायच्या. प्रभागात बाईची जागा आली तेव्हा बायकांनीच हिला पुढे केलं होतं. "मी बसली पंचायतीत तं खड्डा कुठं मारतात ते मी बघंन," ती मला म्हणाली. समोर गावठाणातल्या एका पुढाऱ्याची सून उभी राहणार होती.

मला एक युक्ती सुचली. माझ्या डोक्यात युक्त्यांना कधी तोटा नव्हता, तीच तर अडचण. उरलेली नोंद कुणाची, हे कागद सांगत नाही. मग दोघींपैकी जी म्हणेल 'ही माझी', तिची ती. एकीने ती घ्यावी आणि अर्ज भरावा. दुसरीचं नाव नाही, तेव्हा तिला या खेपेला मत देता येणार नाही, इतकंच.

मी हे सांगितलं तेव्हा उंबराजवळची पहिल्यांदा बोलली. "म्हंजी मी नाय."

"या खेपेपुरतं."

तिने पदर सारखा केला. मग मोहाखालचीला म्हणाली, "घे तू. तुना लागतो." आणि मला विचारलं, "माझा मत नाय पडला तं ही पडंल का?"

"छे छे!" मी म्हणालो. "एका मताने काय होतंय? आजवर एका मताने कुणी हरलेलं ऐकलंस? हजारात एकदा होत असेल." झालं. पुन्हा अंदाज.

मोहाखालचीने अंगठा उठवला. अर्ज मंजूर झाला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज एका बाईचं काम केलं. जेवलोही दोन घास जास्त.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक नेमकी त्याच केंद्रावर, नावं वाचायला. शाळेची खोली, बाहेर आंब्याचं झाड. पाड्यावरच्या बायका घोळक्याने आल्या, त्यांत उंबराजवळचीही होती. मत नाही हे माहीत असून ती तेवढा रस्ता तुडवून आली होती. ती झाडाखाली बसली आणि आत जाणाऱ्या बायकांची पोरं मांडीवर घेत राहिली. एक बाई बाहेर आली की पोर तिला देऊन दुसरीचं घ्यायची. बाहेर आलेल्या बायका शाई लावलेलं बोट एकमेकींना दाखवत होत्या, हसत होत्या. तिने कुणाचं बोट हातात धरून निरखून पाहिलं, ते मला खिडकीतून दिसलं. मी मान खाली घातली आणि पुढचं नाव वाचलं.

मोजणी कचेरीत झाली. त्या प्रभागाच्या पत्रिका मोजल्या. मोजणाऱ्याने पुन्हा मोजल्या. रावसाहेबांनी स्वतः मोजल्या. तरी तेच. दोघींना समसमान.

मी खिडकीशी गेलो. बाहेर अंगणात उंबराजवळची बसली होती, तिचं न पडलेलं मत घेऊन. आत सगळ्यांना वाटत होतं हा योगायोग. मला एकट्याला ठाऊक होतं की हा योगायोग नाही, ही माझी लाल रेघ आहे.

नियम असा की समान मतं पडली तर चिठ्ठी. दोन चिठ्ठ्या केल्या, डब्यात टाकल्या. रावसाहेब म्हणाले, "काढा हो तुम्ही. तुम्ही गणितवाले." सगळे हसले. ते गमतीने म्हणाले, त्यांच्या मनात वाकडं नव्हतं. मी हात घातला. आयुष्यात कधी देवाकडे मागणं मागितलं नव्हतं, तेव्हा मागितलं. चिठ्ठी उघडली. गावठाणातल्या सुनेची होती.

बाहेर गुलाल उडाला. मोहाखालची उठली, पदर झटकला. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि उंबराजवळचीकडे हात करून म्हणाली, "सायेब, एक मत बाहेर बसलेला होता." बस. मग दोघी खोडाळ्याकडे जाणारी गाडी पकडायला निघून गेल्या. मी कपाटाच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि रडलो. सरळ सांगतो, रडलो.

विहीर गावठाणात झाली. तिसरी.

मी उंबराजवळचीचं नाव पुन्हा लावण्यासाठी स्वतः अर्ज भरला, स्वतः तिचा अंगठा घेऊन आलो. अर्ज वर गेला आणि परत आला. शेरा होता: 'सदर नाव यादीत आहे. दुबार. नामंजूर.' दुसऱ्यांदा पाठवला, सोबत पानभर खुलासा जोडला. पुन्हा तोच शेरा, फक्त सही वेगळी. वर माझ्यासारखाच कुणी हुशार माणूस बसला असणार. मी कुठल्या तोंडाने भांडणार? त्याने वापरलेलं गणित माझंच होतं. तिसऱ्यांदाही पाठवला, त्याचं उत्तरच आलं नाही.

वर्षं गेली. रावसाहेब बदलले, शिपाई निवृत्त झाला, लाल पेनं जाऊन संगणक आला. माझी निवृत्ती दीड-दोन वर्षांवर आली होती. एक दिवस गावाकडून मयतांची यादी आली, नावं कमी करण्यासाठी. त्यात ते नाव होतं. वाराचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. समोर 'मयत'.

आता कळतंय का घोळ? यादीत नोंद एक. ती कमी केली की गेलेली बाई जाणार आणि तिच्याबरोबर जिवंत असलेलीही जाणार. आणि दोघींतली गेली कोण, हे पुन्हा कागदावर नव्हतंच. जवळ बसलेला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, एक बटण दाबायचंय फक्त." मी त्याचा हात धरला. म्हटलं, थांब, मी जाऊन येतो. "कुठे?" "विचारायला." तो माझ्याकडे बघतच राहिला.

खोडाळ्याच्या पुढे गाडी सोडून मी तासभर चाललो. ज्या पाड्याच्या नावांवर मी एवढा काळ टेबलावर बसून राज्य केलं, तिथे मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. मोहाचं झाड आधी लागलं. खालच्या घराला बाहेरून कडी होती. मला उत्तर मिळालं. तरी मी पुढे गेलो. उंबराजवळच्या घरासमोर ती बसली होती, सुपात नागली पाखडत. केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं.

"कशाने गेली?" मी विचारलं.

"तापाना." तिने सूप खाली ठेवलं. "या खेपेला इचाराया आलास."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मग तिला यादीचं सांगितलं. नोंद एकच आहे, ती काढली तर तूही जाशील. ठेवू का?

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्याकडं तं आमी पयल्यापासून एकच होतो ना."

मी परत आलो आणि मयतांच्या यादीत त्या नावापुढे 'चौकशी केली, हयात' असा शेरा लिहून सही केली. माझ्या सबंध नोकरीत मी पाड्यावर जाऊन केलेली ती एकच चौकशी, आणि अखेर माझा अंदाज बरोबर निघाला. त्या पाड्यावर त्या नावाची बाई एकच.

निवृत्तीच्या आधीच्या निवडणुकीत मी त्या केंद्रावरची नेमणूक मुद्दाम मागून घेतली. शाई लावायचं हलकं काम मागितलं, म्हणून सगळ्यांनी माझी थट्टा केली. फोटोची ओळखपत्रं त्या पाड्यापर्यंत अजून पोचायची होती, त्यामुळे नाव वाचायचं आणि कुणी हरकत घेतली नाही की मत द्यायचं. शेजारच्या पोरीने ते नाव मोठ्याने वाचलं. ती पुढे आली. अंगठा उठवला. मग माझ्यासमोर येऊन डाव्या हाताचं बोट पुढे केलं. मी काडी शाईत बुडवली आणि रेघ ओढली. काळपट जांभळी, अगदी सरळ.

तिने हात मागे घेतला नाही. त्या बोटाशेजारचं दुसरं बोट सरळ केलं.

"हा तिचा," ती म्हणाली.

केंद्राध्यक्षाने वर पाहिलं. कुठल्याही नियमात बसत नव्हतं ते. मी काडी पुन्हा शाईत बुडवली आणि दुसऱ्या बोटावर रेघ ओढली. मग ती पत्रिका घेऊन पडद्यामागे गेली, आणि मागची बाई पुढे आली.